बागेतला झगा आणि बंदूक: ज्याँ रेन्वारचा ‘द रूल्स ऑफ द गेम’

फार्स पाहायला बसलेला प्रेक्षक एका अलिखित हमीवर विसंबून असतो. दारे कितीही आपटली, पडद्यामागे कितीही माणसे लपली, नवऱ्याच्या हाती पिस्तूल आले, तरी शेवटी कुणाच्या जिवाला धक्का लागणार नाही, कपड्यांच्या अदलाबदलीतून झालेला घोटाळा उलगडेल आणि जो तो आपापल्या जोडीदाराकडे परतेल, ही ती हमी. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटक संपल्यावर फार्स लावण्याची पद्धत आपल्या रंगभूमीवर होती, तेव्हापासून मराठी प्रेक्षकही ही हमी ओळखून आहे. ज्याँ रेन्वार या फ्रेंच दिग्दर्शकाने १९३९ साली ‘ला रेग्ल द्यु ज’, म्हणजे जगभर ‘द रूल्स ऑफ द गेम’ या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटात फार्सची सगळी सामग्री जमवली, ती शेवटपर्यंत इमानाने वापरली, आणि ती हमी तेवढी काढून घेतली. श्रीमंतांच्या प्रेमप्रकरणांवर हसवणारे चित्रपट पुष्कळ झाले. त्यांत मला सर्वांत मोठा वाटतो तो हा, आणि त्याच्या मोठेपणाचे मूळ त्या काढून घेतलेल्या हमीत आहे असे मी मानतो. हे दाखवायचे तर कथेचा शेवट उघड करावा लागेल, म्हणून ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचा आहे त्यांनी तो आधी पाहावा आणि मग हे वाचावे.

कथा रात्रीच्या वेळी पॅरिसजवळच्या ल बूर्जे विमानतळावर सुरू होते. आंद्रे ज्युरिए हा वैमानिक एकट्याने अटलांटिक महासागर ओलांडून उतरतो, गर्दी पोलिसांचे कडे तोडून त्याच्याकडे धावते, आकाशवाणीची निवेदिका त्याच्यापुढे मायक्रोफोन धरते. देशाचा वीर म्हणून त्याने चार शब्द बोलावेत अशी सर्वांची अपेक्षा असते. तो मात्र सांगतो की हे साहस मी एका स्त्रीसाठी केले, ती इथे आलेली नाही, आणि माझ्याइतका दुःखी माणूस आज कुणी नसेल. ती स्त्री, क्रिस्तीन, त्या वेळी पॅरिसमधल्या आपल्या घरी दासीकडून साजशृंगार करून घेत रेडिओवर हे ऐकते आहे, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत तिचा नवरा, मार्क्विस (फ्रेंच सरदारांतला एक किताब) रोबेर द ला शेने, हेच ऐकतो आहे. पहिल्या काही मिनिटांतच आंद्रेचा गुन्हा ठरून जातो. परस्त्रीवर प्रेम करणे हा या समाजात गुन्हा नाही, कारण रोबेरचेही झेनव्हिएव्ह नावाच्या स्त्रीशी अनेक वर्षांचे प्रकरण आहे आणि ते क्रिस्तीनखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे. आंद्रेचा गुन्हा असा की त्याने ते चारचौघांत, मायक्रोफोनसमोर, खरेखुरे बोलून दाखवले. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण एरवी अब्रू सांभाळण्यासाठी वापरतो. या चित्रपटातल्या मंडळींचा तो एकमेव कायदा आहे आणि शीर्षकातला ‘नियम’ तोच.

रेन्वारची खरी करामत अशी की हा कायदा पाळणाऱ्या माणसांना तो तुच्छ लेखत नाही. चित्रपटातले सर्वांत प्रसिद्ध वाक्य या सगळ्यांचा मित्र असलेल्या ऑक्ताव्हच्या तोंडी आहे आणि ऑक्ताव्हची भूमिका रेन्वारने स्वतः केली आहे. या जगात भयंकर गोष्ट कोणती, तर प्रत्येकाजवळ त्याची त्याची कारणे असतात, असे तो रोबेरला सांगतो. हे वाक्य पुष्कळदा सहानुभूतीचे सुभाषित म्हणून उद्धृत केले जाते आणि त्यातला ‘भयंकर’ हा शब्द गाळला जातो. मला तो शब्दच महत्त्वाचा वाटतो. प्रत्येकाचे कारण पटू लागले की दोष कुणाच्या पदरात घालायचा हे कळेनासे होते, आणि दोष कुणाच्याच पदरात पडत नाही अशा घरात माणूस मारला जाऊ शकतो. चित्रपट पुढे नेमके हेच दाखवतो.

रोबेरचेच पाहा. मार्सेल दालिओ या नटाने उभा केलेला हा मार्क्विस यांत्रिक खेळण्यांचा शौकीन आहे. किल्ली दिली की गाणारे पक्षी, वाजणाऱ्या बाहुल्या, संगीताच्या पेट्या यांनी त्याचे घर भरले आहे आणि प्रत्येक नव्या यंत्राकडे तो लहान मुलासारखा पाहतो. क्रिस्तीन आपल्यावर विश्वास ठेवते हे त्या रात्री तिच्या बोलण्यातून त्याच्या ध्यानात येते, आणि या विश्वासाला लायक व्हावे म्हणून तो झेनव्हिएव्हशी संबंध तोडायचे ठरवतो. पण संबंध तोडायचे म्हणजे तिला दुखवायचे, आणि कुणाला दुखवणे त्याला जमत नाही. म्हणून तो तिलाही आपल्या गावाकडच्या हवेलीत शिकारीच्या मुक्कामाला येऊ देतो. ऑक्ताव्हच्या रदबदलीमुळे आंद्रेलाही आमंत्रण मिळते. बायको, तिचा प्रियकर, नवरा, त्याची प्रेयसी आणि या सर्वांचा मित्र एका छपराखाली येतात ते कुणाच्या कारस्थानाने नव्हे, एका माणसाच्या मवाळपणामुळे. आपल्या जमिनीवर सशांचा सुळसुळाट झाला आहे हे रानराखा सांगतो, तेव्हा रोबेरचा हुकूम असा असतो की मला कुंपणही नको आणि ससेही नकोत. त्याचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आहे, आणि प्रेमातही त्याने हेच मागितले आहे.

सोलोन्य भागातली ही ‘ला कोलिनिएर’ हवेली म्हणजे प्रत्यक्षातला ला फेर्ते-सेंतोबँ येथील वाडा. बाहेरचे चित्रण तिथे झाले आणि आतल्या दालनांची नेपथ्ये पॅरिसजवळच्या स्टुडिओत उभारली गेली. पात्रांचे पोशाख प्रसिद्ध फॅशन डिझायनर कोको शनेल यांच्याकडचे आहेत. हवेलीत पाऊल टाकताच चित्रपटाची चाल बदलते. ज्याँ बाशलेचा कॅमेरा एका पात्राला धरून बसत नाही, तो एका गटाकडून दुसऱ्याकडे सरकतो, दारातून पलीकडच्या दालनात डोकावतो, आणि पुढचे व मागचे एकाच वेळी स्पष्ट दिसेल अशी मांडणी करतो. अमेरिकन दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मधल्या अशाच खोल चौकटींचे जगभर कौतुक झाले त्याच्या दोन वर्षे आधीचे हे काम आहे. या मांडणीचा उत्तम नमुना म्हणजे झोपायच्या वेळचा लांब कॉरिडॉर. पाहुणे एकमेकांना शुभरात्री म्हणत आहेत, कुणी उशी फेकतो आहे, कुणी तुतारी वाजवतो आहे, कोणत्याही दारातून कुणीही बाहेर येते आणि कोणत्याही दारात शिरते. सगळे हसत आहेत, पण कोण कोणाच्या दाराकडे पाहते आहे हे आपल्याला चौकटीच्या कोपऱ्यांत शोधावे लागते. पहिल्या खेपेला यातले निम्मे निसटते. उपशीर्षके वाचत पाहणाऱ्याचे तर अधिकच निसटते, कारण इथे दोघे-तिघे एकदम बोलतात आणि खालची ओळ त्यांतल्या एकाचेच सांगते. हा चित्रपट एका आठवड्यात दोनदा पाहावा असा माझा आग्रह आहे. दुसऱ्यांदा शक्य तितके खालचे वाचन सोडून चौकटीच्या मागच्या भागाकडे लक्ष द्यावे.

आंद्रेचे हवेलीत आगमन होते तो प्रसंग असाच दुहेरी पाहण्याजोगा आहे. सगळे पाहुणे डोळे लावून आहेत, कारण रेडिओवरचे वाक्य सर्वांनी ऐकले आहे. क्रिस्तीन त्याचा हात धरून सर्वांसमोर उभी राहते आणि सांगते की त्याच्या पराक्रमात माझा एवढाच वाटा आहे की त्याच्या तयारीच्या दिवसांत मी तासन्‌तास त्याचे ऐकून घेतले. आमची मैत्री होती. मागे उभ्या असलेल्या रोबेरच्या चेहऱ्यावर आधी धास्ती, मग अभिमान आणि मग सुटकेचा आनंद उमटत जातो. क्रिस्तीन खोटे बोलली का, हे सांगता येत नाही. तिने खऱ्याला बसायला एक सभ्य आसन दिले. ऑस्ट्रियातून आलेली ही परदेशी बाई त्या क्षणी खेळ शिकली असे तिथल्या प्रत्येकाला वाटते.

मग शिकार येते, आणि तिच्यासाठी चित्रपट पुरेसा वेळ घेतो. पांढरे डगले घातलेले हाकारे काठ्यांनी झाडांवर ठोकत रान पुढे ढकलत येतात, ससे आणि फेझंट पक्षी मोकळ्या जागेत निघतात, आणि तिथे झोपड्यांच्या आडोशाला बंदुका वाट पाहत असतात. इतका वेळ लांबलांब सरकणाऱ्या चित्रांची जागा अचानक तुकड्यातुकड्यांची दृश्ये घेतात. चार मिनिटांच्याही आत सुमारे पन्नास तुकडे डोळ्यांसमोरून जातात. शेवटचा ससा पाय ताणतो, शेपटी थरथरते, पुढचे पाय छातीशी ओढले जातात आणि तो निश्चल होतो. हे खरे प्राणी होते आणि ते खरोखर मारले गेले. आज असे चित्रीकरण कुणी करू नये, आणि ते पाहून ज्यांना चित्रपट बंद करावासा वाटेल त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मला स्वतःला ते दृश्य प्रत्येक वेळी पाहवत नाही. तरीही ते या कथेत निव्वळ क्रौर्याचे प्रदर्शन म्हणून आलेले नाही, कारण त्याच वेळी हे पाहुणे एकमेकांशी पक्षी कुणाच्या गोळीने पडला यावर अदबीने हुज्जत घालत असतात, आणि शिकारीत स्वतःच्याच बंदुकीची गोळी मांडीत लागून मेलेल्या एका ओळखीच्या माणसाची गोष्ट म्हातारा जनरल हसत हसत सांगत असतो. अपघाताने मेलेला माणूस हा या मंडळींत किस्सा होतो, याची नोंद प्रेक्षकाने तिथेच करून ठेवावी.

शिकार संपताना क्रिस्तीनच्या हाती कुणीतरी छोटी दुर्बीण देते. ती झाडावरची खार पाहते आणि मग दुर्बीण सहज फिरवते, तेव्हा दूर पाणथळ जागेत तिचा नवरा झेनव्हिएव्हला मिठीत घेऊन तिचे चुंबन घेताना तिला दिसतो. ती मिठी निरोपाची आहे. प्रकरण त्या क्षणी संपते आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी बायकोला ते पहिल्यांदा कळते. डोळ्यांनी स्वच्छ पाहिलेले सत्य अर्थाने पूर्णपणे चुकीचे असू शकते, हे सांगायला एरवी नाटककाराला लांबलचक स्वगत लागले असते. इथे ते एका दुर्बिणीत मावले आहे. यानंतर क्रिस्तीन झेनव्हिएव्हच्या खोलीत जाते आणि आपल्याला सारे पूर्वीपासून ठाऊक असल्याचे भासवते. दोघी मिळून रोबेरच्या बारीकसारीक खोडींवर हसतात, तो अंथरुणात सिगारेट ओढतो यावर त्यांचे एकमत होते. प्रसंग हलकाफुलका आहे, आणि त्यातली क्रिस्तीनची जखम आपल्याला दिसत असल्यामुळे तो मला चित्रपटातल्या सर्वांत करुण प्रसंगांपैकी एक वाटतो.

क्रिस्तीनची भूमिका करणाऱ्या नोरा ग्रेगोरवर पुष्कळ टीका झाली आहे. तिचे फ्रेंच अडखळते आहे, तिच्या हालचालींत एक ताठरपणा आहे, आणि तिच्यासाठी तीन-चार पुरुष वेडे का व्हावेत हे पडद्यावर नेहमी पटत नाही. टीका खोटी नाही. पण ग्रेगोर ही खरोखरच व्हिएन्नाच्या रंगभूमीवरची अभिनेत्री, ऑस्ट्रियातले राजकारणी प्रिन्स श्टारेमबेर्ग यांची पत्नी, आणि १९३८ साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर परागंदा झालेली बाई होती. परक्या समाजात कोणत्या वाक्याला हसायचे हे चाचपणारी क्रिस्तीन तिच्या त्या ताठरपणातूनच उभी राहते असे मला दुसऱ्या-तिसऱ्या पाहण्यानंतर वाटू लागले. आंद्रेविषयी मात्र असे काही म्हणता येत नाही. रोलां तुतेंचा वैमानिक एकसुरी आहे. तो रागावतो, रुसतो, पुन्हा रागावतो. चित्रपटाला त्याचा प्रामाणिकपणा हवा आहे, त्याच्या मनाचा ठाव घ्यायला चित्रपट थांबत नाही. पाहुण्यांपैकीही बरेचसे एकेका लकबीपुरतेच आहेत.

त्याची भरपाई तळघरातल्या जेवणघरात होते. फार्समध्ये नोकर हे मालकांचे आरसे असतात ही जुनी रीत, आणि इथल्या नोकरांत मालकांपेक्षा कडक दर्जाभेद आहेत. क्रिस्तीनची दासी लिझेत, तिचा नवरा असलेला अल्सेसचा रानराखा शूमाखेर, आणि सशांना फास लावताना पकडला जाऊन रोबेरच्या मेहेरबानीने हवेलीत नोकर झालेला मार्सो, हा तळमजल्यावरचा प्रेमत्रिकोण आहे. पोलेत द्युबोस्त, गास्तों मोदो आणि ज्युलियें कारेत या तिघांची कामे इतकी जिवंत आहेत की वरच्या मजल्यावरचे त्रिकोण त्यांच्यापुढे फिके पडतात. एका पाहुणीला जेवणात केवळ समुद्री मीठच हवे असते, तेव्हा आचारी सुनावतो की पथ्य मी पाळीन, लहरी पाळणार नाही. याच टेबलावर मालकाच्या कुळाची चर्चा निघते. रोबेरच्या आईचे वडील रोझेंथाल नावाचे, फ्रँकफुर्टहून आलेले गृहस्थ होते, म्हणजे ज्यू होते, हे कुजबुजीत सांगितले जाते. त्यावर आचारी मार्क्विसची बाजू घेतो आणि त्याचे प्रमाण देतो ते असे: बटाट्याच्या सॅलडमध्ये बटाटे कढत असतानाच पांढरी वाइन ओतावी लागते, हे ज्याला कळते आणि ते न केल्याबद्दल जो आचाऱ्याला बोलावून खडसावतो, तो खरा खानदानी माणूस. कुळ आणि चव यांच्या या हिशेबात त्या काळच्या फ्रान्सचे विष पूर्णपणे उघडे पडले आहे.

ते विष चित्रपटगृहातही होते. रोबेर झालेल्या दालिओचे मूळ नाव इस्राएल मोशे ब्लाउशिल्ड. ज्यू नटाने फ्रेंच सरदार साकारावा हे उजव्या गटांना सहन झाले नाही. जुलै १९३९ मध्ये पॅरिसच्या कोलिझे चित्रपटगृहात पहिला खेळ झाला तेव्हा प्रेक्षकांनी शिट्ट्या आणि आरडाओरडा केला. एका माणसाने वर्तमानपत्र पेटवून चित्रपटगृहाला आग लावण्याचा प्रयत्न केल्याची आठवण रेन्वारने सांगितली आहे. त्याने स्वतःची निर्मितीसंस्था काढून, फ्रान्समधल्या त्या वेळच्या सर्वांत खर्चीक चित्रपटांपैकी एक म्हणून हा बनवला होता. घाबरून त्याने तो कापायला सुरुवात केली. ज्या दृश्याला लोक ओरडत ते छाटत छाटत लांबी दीड तासाच्या आत आली. युद्ध सुरू झाल्यावर सरकारने चित्रपट जनतेचे मनोधैर्य खच्ची करणारा म्हणून त्यावर बंदी घातली. जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर त्यांनी दालिओचा चेहरा ‘ज्यू कसा ओळखावा’ हे सांगणाऱ्या भित्तिचित्रांवर छापला. तो स्वतः तोवर देश सोडून निघून गेला होता. मूळ निगेटिव्ह १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली.

आज आपण जो १०६ मिनिटांचा चित्रपट पाहतो, तो दोन चित्रपटप्रेमींच्या चिकाटीचे फळ आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ज्याँ गाबोरी आणि जाक द्युराँ यांना टाकाऊ म्हणून पडून राहिलेले फिल्मचे शेकडो डबे सापडले. त्यांतून, रेन्वारचा सल्ला घेत, त्यांनी चित्रपट जवळजवळ पूर्वीच्या रूपात जोडला आणि १९५९ मध्ये तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. नुकतेच निधन झालेले समीक्षक आंद्रे बाझँ यांच्या स्मृतीला ही आवृत्ती अर्पण केलेली आहे. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश नियतकालिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. १९५२ पासून २०१२ पर्यंतच्या सातही कौलांत पहिल्या दहांत टिकलेला हा एकच चित्रपट, आणि २०२२ च्या कौलात तो तेराव्या क्रमांकावर गेला. अशा याद्यांवर माझा फारसा भर नाही. पण ज्याची रिळे टाकून दिली गेली होती त्याला साठ वर्षे सतत मते मिळत राहावीत, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

पुन्हा हवेलीकडे येऊ, कारण अखेरची रात्र हा चित्रपटाचा सर्वांत श्रीमंत भाग आहे. पाहुण्यांनी आपापसांत करमणुकीचा कार्यक्रम बसवला आहे. फ्रेंच संगीतकार सँ-साँच्या ‘दाँस माकाब्र’ (मृत्यूचे नृत्य) या रचनेच्या सुरांवर सांगाड्यांचे सोंग घेतलेली माणसे अंधारात नाचतात आणि प्रेक्षकांत शिरून त्यांना भिववतात. त्या अंधाराचा फायदा घेऊन जोड्या फुटतात आणि नव्या जुळतात. शूमाखेरला लिझेत मार्सोबरोबर सापडते आणि तो पिस्तूल काढून दालनादालनांतून मार्सोचा पाठलाग करू लागतो; झाडल्या जाणाऱ्या गोळ्या हा कार्यक्रमाचाच भाग आहे असे समजून पाहुणे मजेत पाहत राहतात. दुसऱ्या खोलीत मार्क्विस आणि वैमानिक गुद्दागुद्दी करत आहेत. हा फार्स बंद करा, असे रोबेर कारभारी कोर्नेयला ओरडून सांगतो, आणि कोर्नेय अत्यंत अदबीने विचारतो: कोणता, हुजूर? हसू आवरत नाही, आणि कारभाऱ्याचा प्रश्न मात्र तंतोतंत खरा आहे.

या धामधुमीतच रोबेर आपल्या संग्रहातला सर्वांत मोठा मानबिंदू, लिमोनेर नावाचे जत्रेतले प्रचंड यांत्रिक वाद्य, दिव्यांच्या झगमगाटात पाहुण्यांसमोर उघड करतो. कॅमेरा त्या रंगवलेल्या बाहुल्यांवरून सरकत त्याच्या चेहऱ्यावर येतो. रुमालाने घाम टिपणारा, गर्वाने फुललेला आणि त्याच वेळी आपला गर्व दिसतो आहे या संकोचाने लाजणारा हा माणूस पाहिल्यावर त्याचा तिरस्कार करणे अशक्य होते. उपरोधात्मक विनोदाने आपल्या लक्ष्यावर असे प्रेम करावे, ही मला रेन्वारची सर्वांत अवघड साधना वाटते. सोपा मार्ग उपलब्ध होता. श्रीमंतांना मूर्ख किंवा दुष्ट दाखवले असते तर त्या जुलैमध्ये प्रेक्षक कदाचित इतके चिडलेही नसते, कारण दुष्ट माणसात कुणीच स्वतःला पाहत नाही.

ऑक्ताव्हने त्या कार्यक्रमासाठी अस्वलाचे कातडे अंगावर चढवले आहे आणि ते काढायला मदत करा म्हणून तो ज्याच्या त्याच्या मागे फिरतो आहे. कुणालाही वेळ नाही. सगळ्यांचा मित्र, सगळ्यांचा निरोप्या आणि सगळ्यांच्या पैशांवर जगणारा हा लठ्ठ माणूस स्वतः मात्र कुणाच्याच कथेत नाही. तो क्रिस्तीनच्या वडिलांचा, व्हिएन्नातल्या एका थोर संगीतसंचालकाचा, शिष्य होता. नंतर बाहेरच्या पायऱ्यांवर क्रिस्तीनला तिच्या वडिलांची आठवण सांगताना तो दिवाणखान्याकडे तोंड करून उभा राहतो आणि समोर वाद्यवृंद असल्यासारखे हात उंचावतो. संगीत सुरू होत नाही. हात खाली येतात, आणि तो पायरीवर कोसळल्यासारखा बसतो. रेन्वार नट म्हणून ओबडधोबड आहे, त्याचे हातवारे मोठे आहेत, पण या एका क्षणासाठी ती भूमिका दुसऱ्या कुणी करायला नको होती. चित्रपट छाटताना रेन्वारने सर्वांत जास्त कात्री आपल्याच भूमिकेला लावली, आणि पुनर्बांधणीमुळे जे परत मिळाले त्यात मला मोलाचे वाटते ते ऑक्ताव्हचे हे दुःख.

आता बाग. चित्रपटाच्या प्रारंभी फ्रेंच नाटककार बोमार्शेच्या ‘फिगारोचे लग्न’ या नाटकातल्या गाण्याच्या ओळी येतात: प्रेमाला पंख दिले आहेत ते इकडून तिकडे उडण्यासाठीच नाहीत का, असा त्यांचा आशय. १७८४ साली पॅरिसच्या रंगमंचावर आलेल्या त्या नाटकाचा शेवटचा अंक रात्रीच्या बागेत घडतो. सरदाराची बायको आणि तिची दासी एकमेकींचे कपडे घालतात, सरदार दासी समजून आपल्याच बायकोशी लगट करतो, घोटाळा उलगडतो, तो क्षमा मागतो आणि सगळे गाऊ लागतात. नाटक पाहायला येणाऱ्यांत सरदार मंडळी भरपूर होती आणि आपल्यावरच्या त्या थट्टेला त्यांनी टाळ्या दिल्या. फ्रेंच राज्यक्रांती पाच वर्षांवर होती. रेन्वारने तीच बाग घेतली, तोच झगा घेतला.

थंडी वाजते म्हणून लिझेत आपला टोपीचा झगा क्रिस्तीनच्या खांद्यांवर घालते. हा झगा शूमाखेरने बायकोला भेट दिलेला आहे. तो उबदार आहे, टिकाऊ आहे, आणि देखणा नाही म्हणून लिझेतने तेव्हा नाक मुरडले होते. मालकाने नोकरीवरून काढून टाकलेले शूमाखेर आणि मार्सो आता अंधारात दोस्त होऊन बसले आहेत, आणि त्यांना काचघरात ऑक्ताव्हबरोबर ती झगेवाली दिसते. शूमाखेरच्या दृष्टीने ती लिझेतच. तो बंदूक आणायला जातो. इकडे क्रिस्तीनने आपण ऑक्ताव्हवर प्रेम करते असे सांगितले आहे, दोघे पळून जाणार आहेत, आणि तो कोट आणायला हवेलीत येतो. तिथे लिझेत त्याला समजावते की वयात एवढे अंतर बरे नव्हे, आणि बाईसाहेबांना लागतात तेवढे पैसे तुमच्याजवळ नाहीत. ती दुष्टपणाने बोलत नाही. मालकिणीवर तिचे खरे प्रेम आहे. ऑक्ताव्हला ते पटते. तो आपला कोट आंद्रेच्या अंगावर चढवतो आणि जा, ती वाट पाहते आहे, असे सांगून त्याला पाठवतो. हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत निःस्वार्थ क्षण असावा. ऑक्ताव्हच्या कोटातला आंद्रे लिझेतच्या झग्यातल्या क्रिस्तीनकडे धावतो, आणि शूमाखेर गोळी झाडतो. शिकारीतल्या जनावरासारखा तो गडगडला, असे मार्सो नंतर ऑक्ताव्हला सांगतो.

झग्याची चूक, कोटाची चूक, वेळेची चूक: बोमार्शेच्या बागेतली सगळी यंत्रणा इथे जशीच्या तशी चालली आहे. विनोद थांबून शोकांतिका सुरू झाली असे होत नाही. विनोदाचे यंत्र न थांबल्यामुळेच माणूस मरतो, आणि त्याला मारणारा प्रत्येक दुवा, झगा देणारा हात, कोट देणारा हात, सल्ला देणारे तोंड, आपापल्या परीने चांगला होता. गोळी झाडणाऱ्या शूमाखेरपाशीही त्याचे कारण आहे. सगळ्या मंडळींत बायकोवर विनाअट प्रेम करणारा नवरा तोच, म्हणून खेळाचे नियम त्याला कधीच उमगले नव्हते. नियम न कळलेल्या एकाने नियम मोडणाऱ्या दुसऱ्याला मारले, आणि नियम जाणणारे सगळे सुखरूप राहिले.

ऑक्ताव्ह पॅरिसच्या वाटेला लागतो, मार्सो रानाच्या वाटेला. हवेलीच्या पायऱ्यांवर रोबेर पाहुण्यांसमोर उभा राहतो. रानराख्याला चोरटा शिकारी दिसल्याचा भास झाला आणि त्याने आपल्या कर्तव्याप्रमाणे गोळी झाडली, हा एक दुर्दैवी अपघात आहे, असे तो सांगतो. गेलेल्या मित्राविषयी दोन हृद्य वाक्ये बोलतो. आणि आता गारठा वाढला आहे, तुम्हाला सर्दी होईल, तेव्हा सर्वांनी आत चलावे अशी विनंती करतो. दालिओचा आवाज किंचितही कापत नाही, आणि त्या आवाजात खरे दुःखही आहे. ‘अपघात’ या शब्दाची ही नवीच व्याख्या झाली, असे एक पाहुणा पुटपुटतो. म्हातारा जनरल त्याला अडवतो: छे, छे, या ला शेनेमध्ये खानदानी रुबाब आहे, आणि असली माणसे आता दुर्मीळ होत चालली आहेत. मग पाहुणे एकेक करून आत जातात, आणि हवेलीच्या भिंतीवरून त्यांच्या सावल्या सरकत राहतात.